चढावरचा काटा

१

त्या मंगळवारी खडकवाडीला टँकर आला नाही, म्हणून दगडाबाई विहिरीत उतरली. पायऱ्या निम्म्यावरच संपलेल्या, आणि तळाच्या झऱ्यात जेमतेम वाटी बुडेल एवढं पाणी. सत्तरी उलटलेली बाई, पण कुणाची वाट बघत बसणं तिच्या रक्तातच नव्हतं. दगडावरून पाय निसटला. बायांनी आरडाओरडा केला, गडी धावले, दोर आले, आणि ऊन कलायच्या आत म्हातारीला चौघांनी वर आणलं ते मेलेलंच. तिची घागर मात्र वरच्या पायरीवर तशीच होती, अर्धी भरलेली.

टँकर आला तो दिवेलागणीला. चालवत होता मुंजाजी, दगडाबाईचा एकुलता एक लेक. डिझेल संपून गाडी चौसाळ्याच्या अलीकडं रस्त्यातच बंद पडली होती. हातात कॅन घेऊन तो भर उन्हात पायी गेला आणि पायीच परत आला. वेशीत शिरताना कुणीतरी त्याला मायचं सांगितलं. त्यानं गाडी तिथंच बंद केली आणि स्टेअरिंगवर डोकं ठेवलं.

आता गाव म्हटलं की जीभ आलीच. म्हातारी सरणावर चढायच्या आधीच कुजबूज सुरू झाली. डिझेल संपलंच कसं? टँकरचं डिझेल महिनाभर चोरीला जातंय, हे टँकर चालवणाऱ्या दूध संस्थेत सगळ्यांना ठाऊक होतं. संध्याकाळी काटा अर्ध्याजवळ आणि सकाळी बघावं तर पावाच्याही खाली. रात्रीतून कोण पितंय? राख सावडून माणसं परत फिरली, तेव्हा मुंजाजीला ऐकू जाईल असं कुणीतरी बोललंच.

"डिझेल इकून खाल्लं बे ह्यानं. आन् त्यापायी सोताच्या मायला खाल्लं."

मुंजाजीनं मागं वळून पाहिलं नाही.

२

सत्यभामा बीडला पोलीस खात्यात हवालदार होती. निवृत्त होऊन गावी परतली तरी वर्दीचा ताठा काही उतरला नव्हता. गाव तिला हवालदारीणबाई म्हणायचं, आणि पाठीमागं आणखी काय काय म्हणायचं ते सोडा. तोंडानं तिखट, पण उगीच कुणाच्या अंगावर जाणारी नव्हे.

तिच्या ओसरीवर सुंदरराव येऊन बसले, दूध संस्थेचे चेअरमन. पांढरे कपडे, तोंडावर काळजी. ती काळजी दगडाबाईची किती आणि संस्थेची किती, हे सत्यभामानं मनातल्या मनात तोलून पाहिलं.

टँकर मुळात दुधाचाच. पण तेरा सालच्या त्या दुष्काळात गावाची जनावरं छावणीत गेली, दूध आटलं, आणि संस्थेनं टँकर धुऊन घेऊन पाण्याला लावला. रोज चौसाळ्याच्या पुढून पाणी आणायचं आणि मारुतीपाशी हौदात सोडायचं. हे काम पुण्याचं होतं आणि सुंदररावांनीच ते सुरू केलं होतं, तेवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

"पोलीस केस केली तर संस्थेची अब्रू जाती," सुंदरराव म्हणाले. "तेराव्यानंतर सभा हाय. मुंजाजीला काढायचा. चोर कोण ते मला ठाऊकच हाय सत्यभामाबाई, तुमी फकस्त पुरावा द्या."

"पुरावा पाहिजे का चोर पाहिजे? दोन्ही येगळ्या चिजा हायत, सुंदरराव."

ते चपापले. सत्यभामानं चहाचा कप पुढं सरकवला.

"आता गाडी कोण चालवतंय?"

"माझ्या ट्रॅक्टरवरचा पंडित. मुंजाजीला घरी बसवलाय."

"मग आता तरी काटा रातीतून खाली यायचा बंद झाला आसंल?"

सुंदररावांनी कपात पाहिलं, मग छपराकडं पाहिलं.

"न्हाई," ते म्हणाले. "तस्साच येतोय."

३

मुंजाजी भिंतीला टेकून बसला होता, डोकं भादरलेलं, डोळे कोरडे. बायको चुलीपाशी. एरवी सुतकाच्या घरी माणसांची रीघ लागते. इथं अंगणात एक चप्पल नव्हती. सत्यभामाला वाईट वाटलं, आणि रागही आला. तिनं आपली चप्पल दारात चांगली मधोमध काढली, कुणी बघणार असेल तर बघो म्हणून.

"मावशी, तुमीबी इचारायलाच आलाव ना?"

"इचारायलाच आले. खरं सांग. त्या सकाळी काय झालतं?"

"सकाळी गाडी चढावरनं खाली हापिसापाशी आणली. काटा पार तांबड्यावर. मी राधाकिशनला मनलं, सचिव, डिझेलची चिठ्ठी द्या, आज गाडी पोचत न्हाई. तर तो मनला, काल सांजच्याला मी सोता बगितलंय, काटा पावाच्या वर व्हता. राती चोरायचं आन् सकाळी मागायचं, हे आता बंद. चेअरमनची आर्डर हाय, चिठ्ठी सांजच्या काट्यावरच मिळती." त्याला दम लागला. "मी का म्हून भांडलो न्हाई, मावशी? तितंच गाडी उबी केली आसती तर? पण मायनं सकाळीच मनलं व्हतं, लवकर ये रं, बाया ताटकळत्यात. म्हून तसाच गेलतो."

सत्यभामानं त्याला बोलू दिलं. खात्यात ती एवढंच शिकली होती, की रडणाऱ्याला मधे अडवू नये आणि खोटं बोलणाऱ्यालाही.

"तुजा संशय कुणावर?"

"बंकटवर. हौदावर रातभर तोच आसतो. गाडीबी तितंच उबी आसती, हौदात पाणी झिरपत. दुसरं कोण हाय तितं?" मग तो कसंनुसं हसला. "आन् मी सांगितलंच व्हतं समद्यांला. सकाळी किल्ली फिरवली की काटा वर आसतो, हापिसापातुर आणली की खाली. तर राधाकिशन समद्यांसमोर मनला, उतारावरनं उतरताना डिझेल पिती का बे तुजी गाडी? लई हासले लोक."

सत्यभामाही मनात थोडी हसलीच. चोर पकडला गेला की असंच काहीबाही सांगतो, हे तिनं चौकीत कितीदा ऐकलं होतं.

निघताना मुंजाजीची बायको दारापर्यंत आली. "मावशी," ती हळूच म्हणाली, "नौकरी जाऊ द्या, परत ऊसतोडीचा कोयता घिऊ हातात. पण मायला ह्यांनी मारलं आसं गाव मनतंय, तेवढं पुसा. रातीला उटून बसत्यात, तेच तेच बोलत्यात."

४

बंकट हौदाचा राखणदार. त्या साली पाण्याला राखण लागायची. दाराला कुलूप नसलं तरी चालायचं, पण हौदाला राखण हवीच. त्याचं पालाचं खोपट हौदाला लागूनच होतं. सत्यभामा तिथं पोचली तेव्हा त्यानं घाईघाईनं घोंगडं ओढून कशावर तरी टाकलं. घोंगड्याखालून कॅनचं काळं तोंड दिसत होतं.

"घोंगडं उचल, बंकट."

"मावशी, तुमच्या पाया पडतो."

"पाया नंतर पड. आदी उचल."

कॅन डिझेलचाच होता, त्याचा वासही येत होता. सत्यभामानं बूच काढून आत बोट घातलं आणि ते बोट जिभेला लावलं.

पाणी होतं. निव्वळ पाणी, जुन्या कॅनचा वास लागलेलं.

"शेळी हाय एक," बंकट मान खाली घालून म्हणाला. "छावणीत शेळ्या घेत न्हाईत, मोटी जनावरंच घेत्यात. राती टँकरच्या तोटीखाली कॅन लावतो. गावाच्या पाण्याचा चोर हाय मी, खुशाल सांगा समद्यांला. पण डिझेलला हात लावला आसंल तर ह्या मारुतीसमोर जीभ झडंल माजी."

सत्यभामा घोंगडं होतं तसं टाकून उठली.

"शेळीला पाज," ती म्हणाली. "पण मला एक सांग. राती हितं डिझेलची टपटप, कुणाची पावलं, काय ऐकलंस?"

"टपटप पाण्याचीच. टँकरातनं हौदात पडती ती. तेवढ्या आवाजावरच झोप लागती बगा."

तिला त्याचं खरं वाटलं. खोटं बोलणारा माणूस आपली खरी चोरी एवढ्या लवकर कबूल करत नाही.

मग उरला सचिव राधाकिशन. संध्याकाळी काटा बघणारा तोच, गाडीची किल्ली रात्रभर बाळगणारा तोच. आणि त्याच्या मेहुण्याची नेकनूर-बीड रस्त्यावर काळी-पिवळी जीप धावत होती, डिझेलवर.

५

राधाकिशन मेहुण्याचं नाव काढताच फुरफुरला. "माज्या मेव्हण्याची जीप अन् मी चोर? मग तुमच्या भावाच्या शेतात इंजन हाय, त्योबी चोर का?"

"इंजन हाय, पण हिरीत पाणी कुठंय? गंजून पडलंय ते," सत्यभामा शांतपणे म्हणाली. बोलता बोलता तिला जाणवलं, की या साली गावात डिझेल घेणारंच कुणी नव्हतं. इंजनं गंजलेली, ट्रॅक्टर उभे. चोरीचा माल कुठंतरी दिसावा लागतो. इथं महिनाभर टाकी रिकामी होत होती आणि गावात कुठं थेंब दिसत नव्हता.

"बरं, तू चोर न्हाईस," ती म्हणाली. "मग आज संध्याकाळी माज्यासंगं चल."

संध्याकाळी पंडितनं टँकर आणला. मारुतीसमोरच्या उतारावर, खालच्या अंगाला हौद. पंडितनं गाडी तोंड वर करून उभी केली, मागची तोटी हौदावर आली, पाणी पडायला लागलं. राधाकिशननं खिडकीतून वाकून किल्ली फिरवली. "बगा. अर्ध्याला जरा कमी."

सत्यभामानं घरून कणकेचा गोळा आणला होता. डिझेलच्या टाकीच्या झाकणाभोवती तिनं ती कणीक अशी लिंपली, की झाकण हलवलं तर तडा गेल्याशिवाय राहू नये. खालच्या नळीच्या जोडालाही लावली. टाकीखालच्या मातीवर चुलीतली राख पसरली. राधाकिशन चेष्टेनं म्हणाला, "मावशी, दिवाबी लावायचा का?"

सकाळी तिघंही हजर. कणीक वाळून टणक झाली होती, पण कुठं चीर नव्हती. राखेवर एका चिमणीच्या नखांशिवाय काहीच नव्हतं. किल्ली रात्रभर सत्यभामाच्या उशाखाली होती.

पंडितनं गाडी खाली हापिसासमोर नेली. राधाकिशननं किल्ली फिरवली, आणि त्याचं तोंड पांढरं पडलं.

काटा पावाच्या खाली होता.

"मावशी," तो मागं सरकत म्हणाला, "हे भुताटकीचं हाय."

"भुताला डिझेल लागत न्हाई," सत्यभामा म्हणाली. पण मनातून तीही हादरली होती.

६

विचार करून डोकं दुखायला लागलं तशी ती भिवराबाईकडं गेली. भिवराबाई दगडाबाईची शेजारीण. दोघी आयुष्यभर भांडल्या, आणि आता भांडायला कुणी नाही म्हणून ही बिचारी सुकत चालली होती.

"बस," भिवराबाई म्हणाली. "पाणी देते. जरा थांब, रांजण वाकवू दे."

तिनं रांजणाच्या एका बाजूला वीट सारली. रांजण कलला. ह्या कडेला पाणी चांगलं वीतभर चढलं आणि त्या कडेचा तळ उघडा पडला. भिवराबाईनं तांब्या बुडवला, भरून काढला.

"आता हितं बग, किती पाणी दिसतंय," ती म्हणाली. "आन् वीट काढली की काईच न्हाई. दुष्काळात आसंच करावं लागतंय बाई."

सत्यभामाचा हात तांब्यावरच थांबला.

"भिवरा, टँकर पयल्यापासून चढावरच उबा राहतो का गं? तोंड वर करून?"

"छ्या! आदी हौदाच्या अलीकडं सपाटीला उबा राहायचा. बुडाशी घागर दोन घागरी पाणी राहून जायचं. महिना झाला आसंल, दगडीच मनली लेकाला, आरं मुंजा, रांजण वाकवतो तशी तुजी गाडी वाकीव की. तोंड वर करून उबी कर, समदं पाणी मागं येतंय. तवापासून थेंब वाया जात न्हाई बग. लई हुशार बाई व्हती. माज्याशी भांडायची, पण हुशार व्हती."

ती पदर डोळ्याला लावून हुंदके देऊ लागली. सत्यभामाला मात्र पाण्याचा घोट उतरेना. महिना झाला होता. गाडी चढावर उभी राहायला लागून महिना, आणि चोरी सुरू होऊनही महिनाच.

चोर सापडला होता. आणि हा चोर सभेत कुणाला दाखवावा, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटेना.

ती तशीच मुंजाजीकडं गेली, एकच गोष्ट विचारायला.

"गाडीची डिझेलची टाकी मूळचीच हाय का रे?"

"न्हाई. मूळची गळत व्हती. संस्थेनं भंगारातली लांब टाकी बसवली, दोन वर्सं झाली. आतला तरंगणारा गोळा तिच्या पार मागच्या टोकाला हाय. पण दुधाच्या टायमाला काईच तरास न्हवता."

"दुधाच्या टायमाला गाडी सपाटीलाच उबी राहायची," सत्यभामा म्हणाली.

मुंजाजी तिच्याकडं बघत राहिला. मग त्याची नजर कोपऱ्यातल्या मायच्या रांजणाकडं गेली.

७

सभा मारुतीसमोरच भरली. सत्यभामानं सुंदररावांना खुर्ची सोडून उठायला लावलं आणि थेट टँकरच्या खिडकीपाशी नेलं. झाकणावरची कणीक तशीच वाळलेली होती. गाडी चढावर, तोंड वर.

"राधाकिशन, काटा वाच. मोठ्यानं."

"पावाच्या चांगला वर."

"पंडित, गाडी फिरीव. तोंड उताराकडं."

पंडितनं गाडी वळवली. काटा हळूहळू खाली आला आणि तांबड्याच्याही खाली जाऊन पडला. माणसं खिडकीशी लोटली.

"आता सपाटीला घे."

सपाटीला काटा सावकाश उठला आणि पावाच्या जरा खाली थांबला.

"झाकण कुणी उगडलं का?" सत्यभामानं विचारलं. "न्हाई ना? मग कुठं गेलं डिझेल आन् कुठून आलं? आरं, टाकीत एक पोकळ गोळा तरंगतो, तो वर तर काटा वर. आपल्या टाकीत तो पार मागं हाय. तोंड वर केलं की डिझेल मागं जमतं, गोळा उचलतो, काटा चढतो. सांजच्याला चढावर बगायचं आन् सकाळी सपाटीला बगायचं, आन् मदला फरक चोरानं नेला मनायचं. मुंजाजीनं हेच सांगितलं व्हतं, तर तुमी हासलाव. मीबी हासले मनात."

तिनं राधाकिशनकडं पाहिलं.

"काटा टाकीचं सांगत न्हाई, राधाकिशन. तो आपल्या कोपऱ्यापुरतं सांगतो. टाकी त्या सांजला बी रितीच व्हती. मुंजाजीनं चिठ्ठी मागितली तवा तो खरं बोलत व्हता."

राधाकिशन मटकन खाली बसला. "मी त्याला हाकललं," तो म्हणाला. "मी मनलं, राती चोरायचं आन् सकाळी मागायचं." आणि एवढा मोठा सचिव, गुडघ्यात तोंड घालून रडायला लागला. सुंदररावांनी टोपी काढली. आर्डर त्यांची होती. चोर पकडायला काढलेली आर्डर. ते मुंजाजीपुढं गेले आणि त्यांनी हात जोडले.

गावाला मोकळं वाटलं, आणि लाजही वाटली. अशा वेळी लाज कुणावर तरी टाकावीशी वाटते. मागून कुणीतरी ओरडलंच.

"पण गाडी चढावर वाकडी लावायची अक्कल कुणाची? त्याच्यानंच झालं की हे समदं!"

हाच प्रश्न येऊ नये म्हणून ती मघापासून भरभर बोलत होती. तिनं बायांकडं पाहिलं. भिवराबाईनं पदर तोंडात कोंबला होता.

मुंजाजी उठला. भादरलेल्या डोक्यावर नुकते खुरटे केस उगवायला लागले होते.

"माजी," तो म्हणाला. "मीच लावली. बुडाचं पाणी वाया जाऊ नये म्हून. माज्याच डोस्क्यातनं निगालं ते."

आयुष्यभर सत्यभामानं खोटं बोलणारी माणसं ओळखली होती. हा नजर न चुकवता बोलत होता, तरी तिला कळलं. तो तिच्याकडंच बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत अजिजी होती, मावशी, एवढं राहू द्या.

"व्हय," सत्यभामा म्हणाली. "त्यानंच लावली. मला ठाऊक हाय."

"मलाबी," भिवराबाई म्हणाली. बाकीच्या बायाही मान हलवायला लागल्या. दगडाबाईनं लेकाला गाडी वाकवायला सांगितली त्या दिवशी त्यातल्या कितीजणी तिच्या पाठीशी घागरी घेऊन उभ्या होत्या, हे सत्यभामानं मोजलं नाही. गावाच्या जिभेला तिथं लगाम बसला.

दुसऱ्या दिवशी मुंजाजीला चिठ्ठी न मागता मिळाली. टँकर पाणी घेऊन आला आणि हौदाच्या अलीकडं सपाटीला उभा राहिला. बायांनी नळी लावून हौद भरला, घागरी भरल्या. शेवटी तोटीतून धार बारीक झाली आणि थांबली. बुडाशी घागर दोन घागरी पाणी राहिलंच होतं, आतून डुचमळत होतं.

गाडी वाकीव, असं कुणी म्हणालं नाही. ते पाणी तसंच घेऊन मुंजाजी परत निघाला.